सासूबाईंची कवळी डबीत का पडून राहते?

हे पान एरवी आपण लोणच्याच्या बरण्यांना, लोकरीच्या कपड्यांना नि मुलांच्या खोकल्याला देतो. आज ते कवळीला द्यायचे आहे. पनवेलजवळच्या सुकापूरहून एका भगिनीचे पत्र आले, आणि ते वाचल्यावर मला वाटले की हे पत्र एकट्या त्यांचे नाही. तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरी, देवघराच्या फळीवर किंवा कपाटाच्या कोपऱ्यात, अशी एक प्लॅस्टिकची डबी असेल.

त्या लिहितात : "ताई, आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, दिवाळीआधी वरची-खालची पूर्ण कवळी करून दिली. पैसे थोडेथोडके लागले नाहीत. चार दिवस घातली आणि डबीत ठेवली. बोचते म्हणाल्या, म्हणून दोनदा जाऊन घासून आणली. तरी घालत नाहीत. कवळी घातली की त्यांचा चेहरा वेगळाच दिसतो, बोलताना दात टकटक वाजतात. मऊ भात नि वरण यावरच आहेत, अंगाने उतरल्या आहेत. पुतण्याच्या साखरपुड्यात तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. ह्यांना वाटतं, आई हट्टीपणा करतात. खरं सांगू का, मलाही तसंच वाटतं. काय करावं?"

पत्रातले एक वाक्य मी दोनदा वाचले : चेहरा वेगळाच दिसतो, बोलताना दात वाजतात. मैत्रिणींनो, हा हट्ट नव्हे, बरं का! ही मापाची तक्रार आहे. आणि ते माप म्हणजे नुसते हिरड्यांचे नव्हे, चेहऱ्याचे.

चेहऱ्याचे तीन मजले

आरशासमोर उभ्या राहा. कपाळावर केस सुरू होतात तिथपासून भुवयांपर्यंत एक भाग, भुवयांपासून नाकाच्या खालच्या टोकापर्यंत दुसरा, आणि तिथून हनुवटीखालपर्यंत तिसरा. आपल्या जुन्या शिल्पशास्त्रात चेहऱ्याचे असे तीन सारखे भाग धरतात, प्रत्येकी चार अंगुळांचे. मूर्तीचा चेहरा कुठे बिघडला हे मूर्तिकाराला झटकन कळते, ते या हिशोबामुळे. खऱ्या माणसांत हे तीन भाग काटेकोर सारखे नसतात, पण फार लांबही जात नाहीत.

यातले वरचे दोन मजले पक्क्या हाडाचे. ते वयाने फारसे हलत नाहीत. तिसरा मजला मात्र बिजागरीवर आहे. खालचा जबडा कानांपुढच्या सांध्यांवर लटकतो, आणि मिटताना तो कुठे थांबायचा हे दात ठरवतात. अडकित्त्यात सुपारी धरली असेल तोवर त्याची पाती लांब राहतात. सुपारी काढली की ती मिटत जातात. दात गेले की जबड्याचे तसेच होते. खालचा जबडा वर येतो, हनुवटी नाकाकडे सरकते, ओठ आत ओढले जातात, गाल बसतात. यालाच आपण तोंडाचे बोळके झाले म्हणतो. पन्नाशीची बाई सत्तरीची दिसू लागते ती यामुळे.

म्हणून पूर्ण कवळी करणाऱ्या दंतवैद्याला दोन गोष्टी कराव्या लागतात. हिरड्यांचा साचा घ्यायचा, ही पहिली. ती आपल्याला माहीत असते, कारण गुलाबी-पांढरा लगदा तोंडात भरून घेतात ते सगळ्या सांगतात. दुसरी अवघड : या बाईचे स्वतःचे दात होते तेव्हा ते एकमेकांवर टेकल्यावर तिचा तिसरा मजला किती उंच होता, ते शोधून काढायचे. याला आपण चाव्याची उंची म्हणू. पंचाईत अशी की जे मोजायचे ते तर गेलेले आहे!

नसलेल्या दातांची उंची कशी मोजतात?

तोंडात दात नसले तरी चेहरा असतो. तिथूनच वाट सापडते.

पहिली वाट विसाव्याची. आपण गप्प बसलो असताना ओठ मिटलेले असतात, पण दात एकमेकांवर टेकलेले नसतात. आत्ताच पाहा! वर-खालच्या दातांत बारीकशी फट आहे ना? बहुतेकांत ती २ ते ४ मिलिमीटर असते. निसवाँगर या दंतवैद्याने १९३४ साली ही फट साधारण ३ मिलिमीटर धरली आणि तो हिशोब अजून चालतो. म्हणून दंतवैद्य नाकाच्या शेंड्यावर एक आणि हनुवटीवर एक असे दोन ठिपके काढतात. बाईंना खुर्चीत ताठ बसवून, आवंढा गिळून, "मम" म्हणून सैल सोडायला सांगतात आणि ठिपक्यांमधले अंतर मोजतात. त्यातून २ ते ४ मिलिमीटर वजा केले की चाव्याची उंची मिळते. हिरड्यांवर मेणाच्या पट्ट्या बसवून त्या उंचीपर्यंत कमी-जास्त करतात. दात पुढे त्याच पट्ट्यांच्या जागी लागतात.

दुसरी वाट चेहऱ्याच्या मापांची. १९३० नंतर विलिस नावाच्या दंतवैद्याची पद्धत रूढ झाली : डोळ्याच्या बाहुलीपासून ओठांच्या फटीपर्यंतचे अंतर आणि नाकाखालून हनुवटीच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर, ही दोन्ही साधारण सारखी असतात. पुष्कळ दंतवैद्य बाहुलीऐवजी डोळ्याचा बाहेरचा कोपरा नि ओठाचा कोपरा धरतात. मॅकगी याने १९४७ साली आणखी दोन मापे जोडली : भुवयांच्या मधून नाकाखालपर्यंतचे, आणि ओठांच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतचे. आपल्याकडे, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या लोणी इथल्या ग्रामीण दंत महाविद्यालयातल्या मंडळींनी हाताच्या बोटांची लांबी आणि दोन बाहुल्यांमधले अंतर यांचा चाव्याच्या उंचीशी मेळ बसतो का, ते तपासले. ते अभ्यास २०१३ आणि २०१४ साली छापून आले. विचार साधा आहे. दात गेले तरी बोटे नि डोळे जागेवर राहतात, तेव्हा त्यांना विचारावे!

तिसरी वाट बोलण्याची. "स" म्हणताना वर-खालचे दात अगदी जवळ येतात, पण टेकत नाहीत. म्हणून मेणावर दात लावून तपासणीला बोलावतात तेव्हा आकडे म्हणायला लावतात. मराठीत तर सोयच आहे : "पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट." दात वाजले तर उंची जास्त झाली.

यातली एकही वाट एकटी पुरेशी नाही. प्रत्येकीचा चेहरा वेगळा, डावी-उजवी बाजूही तंतोतंत सारखी नसते, आणि कातडी मऊ असल्याने पट्टी थोडी दाबली की माप बदलते. म्हणून शहाणा दंतवैद्य दोन-तीन रीतींनी मोजतो, आणि शेवटी थोडे मागे सरून नुसता चेहरा पाहतो.

जास्त झाली तर? कमी झाली तर?

उंची जास्त झाली, तर विसाव्याची फटच उरत नाही. दात दिवसभर टेकलेले राहतात. हिरड्यांना उसंत मिळत नाही, त्या दुखतात. कुठे एका जागी बोचत असेल तर घासून बरे वाटते. पण सगळीकडेच दुखत असेल तर घासून किती घासणार? ओठ मिटायला जोर लागतो, चेहरा ताणलेला दिसतो, गालाचे स्नायू संध्याकाळपर्यंत थकतात, बोलताना टकटक होते.

उंची कमी झाली, तर कवळी घालूनही बोळके राहते. ओठांचे कोपरे खाली पडतात, तिथे लाळ झिरपून चिरा पडतात आणि त्या मलमाने तात्पुरत्या बऱ्या होऊन पुन्हा येतात. चावायला जोर मिळत नाही. गाल दातांत सापडतात.

आता सुकापूरचे पत्र पुन्हा वाचा. कोणत्या बाजूची तक्रार आहे ते तुम्हीच सांगाल.

दोरा घेऊन बसा

मी त्या भगिनींना उलट टपाली लिहिले : आईंना रागावू नका. त्यांना खुर्चीत ताठ बसवा, कवळी घालून दात टेकवायला सांगा. एक जाड दोरा घ्या. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत धरा, गाठ मारा. मग तोच दोरा नाकाखाली धरून हनुवटीच्या खालच्या कडेपर्यंत आणा. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे असेल तर त्याचा अर्थ लावू नका. नखभराहून जास्त फरक असेल तर दंतवैद्याला सांगण्यासारखे काहीतरी आहे, एवढेच समजा. दोऱ्याने कवळी दुरुस्त होत नाही. दोऱ्याने आपल्याला प्रश्न विचारता येतो.

आणि दुसरे काम सांगितले : आईंचा दात असतानाचा एक फोटो शोधा. समोरून काढलेला, ओठ मिटलेला, न हसणारा. पूर्वीच्या बायका फोटोत हसत नसत, ते इथे उपयोगी पडते! फोटोवरून माप काढायचे त्रैराशिक आपल्यापैकी प्रत्येकीला येईल. समजा, आईंच्या दोन बाहुल्यांमधले खरे अंतर ६० मिलिमीटर आहे आणि फोटोत ते १५ भरते. म्हणजे फोटो चौपट लहान. त्यात नाकाखालून हनुवटीपर्यंत १६ मिलिमीटर भरले, तर खरे अंतर १६ चोक ६४. दंतवैद्य हा हिशोब स्वतः करतात. आपण फक्त फोटो न्यायचा.

पोलिसांनाही हेच माप लागते

आणि गंमत अशी की चेहरा आणि फोटो यांचा हाच मेळ न्यायालयातही चालला आहे. ओळख न पटलेली कवटी सापडते तेव्हा खालचा जबडा सुटलेला असतो. तो किती उघडा धरून बसवायचा? दात असले तर तेच सांगतात. नसले तर डोळ्यांच्या खोबणी, नाकाची जागा अशा न हललेल्या खुणांवरून अंदाज करावा लागतो. जबडा चुकीच्या उंचीवर बसवला तर चेहरा आखूड किंवा लांब होतो आणि त्याच माणसाचा फोटोही त्याला जुळत नाही.

या विद्येतला सगळ्यात गाजलेला जुना खटला आपल्या मुंबईच्या माणसाचा आहे. बक रक्स्टन हा १८९९ साली मुंबईत जन्मलेला पारशी डॉक्टर, इंग्लंडात लँकेस्टरला दवाखाना चालवी. सप्टेंबर १९३५ मध्ये स्कॉटलंडमधल्या मॉफट गावाजवळच्या ओढ्यात दोन स्त्रियांचे अवशेष सापडले. ओळख पटू नये म्हणून चेहरे विद्रूप केले होते, दातही काढले होते. एडिंबरोचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक ब्रॅश यांनी कवट्यांची छायाचित्रे रक्स्टनच्या बेपत्ता पत्नीच्या आणि मोलकरणीच्या फोटोंवर ठेवून जुळवली. फोटो किती लहान झाला आहे हे कळायला त्यांनी काय केले असेल? पत्नीच्या फोटोत डोक्यावर मुकुटासारखा दागिना होता. तो खरा दागिना मिळवून मोजला. आपल्या बाहुल्यांच्या त्रैराशिकासारखेच! बोटांचे ठसे आणि इतर पुरावेही होतेच. १९३६ साली रक्स्टनला फाशी झाली. त्या दोन बायकांची नावे, इझाबेला आणि मेरी, त्यांना परत मिळाली ती अशा मापांनी.

दुसरी गोष्ट तर थेट कवळीचीच. अमेरिकेत बॉस्टन शहरात १८४९ साली डॉ. जॉर्ज पार्कमन नावाचे श्रीमंत गृहस्थ नाहीसे झाले. एका प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेतल्या भट्टीत कृत्रिम दातांचे तुकडे सापडले. दंतवैद्य कीप यांनी ते लगेच ओळखले. पार्कमन यांच्या जबड्याचा साचा त्यांनी जपून ठेवला होता, आणि जिभेला जागा मिळावी म्हणून ती कवळी आतून आपणच घासली होती हे त्यांना आठवत होते. १८५० च्या खटल्यात त्यांची साक्ष महत्त्वाची ठरली. एखादी नीट बेतलेली कवळी दुसऱ्या कोणाच्याही तोंडाला बसत नाही, हे त्या दिवशी न्यायालयाने पाहिले.

यातून आपल्या घरापुरते काय घ्यायचे? कवळीत नाव घालून घ्या. दंतवैद्य ते आतल्या बाजूला प्लॅस्टिकमध्ये कायमचे बसवू शकतात. अमेरिकेतल्या काही राज्यांत तर तो कायदाच आहे. दुर्घटनेचे राहू द्या. इस्पितळात शस्त्रक्रियेआधी कवळी काढून ठेवतात आणि ती हरवते किंवा अदलाबदल होते, हे नेहमीचे आहे. वृद्धाश्रमातही तेच. नाव असले की कवळी मालकिणीकडे परत येते.

दुसरे पत्र

तीन आठवड्यांनी सुकापूरहून पुन्हा पत्र आले. दोरा खाली नखभर जास्त भरला होता. फोटो सापडला तो आईंच्या लग्नाचा, ट्रंकेच्या तळाशी, कोपऱ्याला वाळवी लागलेला. तो घेऊन त्या सासूबाईंना एका दंत महाविद्यालयात घेऊन गेल्या. (कामोठे-खारघरच्या बाजूला अशी महाविद्यालये आहेत. शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खेपा जास्त पडतात, खर्च कमी येतो.) तिथे ठिपके काढून मोजले. विसाव्याचे माप आणि दात टेकवल्यावरचे माप एकच आले. मधली फट शून्य!

पुढे त्या लिहितात : "डॉक्टरांनी विचारलं, मेणावर दात लावून दाखवले होते का? तेव्हा मला आठवलं. त्या दिवशी बोलावलं होतं, पण ह्यांना सुट्टी नव्हती, आणि आई म्हणाल्या, पुन्हा रिक्षाचं भाडं कशाला, मला चालंल. मीच फोन करून सांगितलं की थेट तयार करून द्या. माप घेतानाही आई नुसत्या ‘बरं हाय, बरं हाय’ म्हणत होत्या. त्यांना वाटत होतं आपल्यापायी सगळ्यांचा खोळंबा होतोय. ताई, मी चार महिने त्यांना हट्टी म्हणत होते."

मैत्रिणींनो, इथे मी थोडी थांबले. चूक कोणाची हे ठरवत बसण्यात अर्थ नाही. पण आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायका खर्चाच्या नि वेळेच्या बाबतीत "चालेल" म्हणतात, तेव्हा ते बहुधा चालणारे नसते. चाव्याच्या उंचीचे माप त्यांनी सैल बसल्याशिवाय मिळत नाही. मुलगा बाहेर मोटारसायकल सुरू ठेवून उभा असेल, तर आईची हनुवटी कशी सैल सुटणार?

सासूबाईंची खालची कवळी नव्याने केली. या वेळी मेणावरचे दात लावून त्यांनी आकडे म्हटले, आरसा मागितला. सूनबाई लिहितात, "आरशात बघून म्हणाल्या, ‘ही मी हाय.’ एवढंच." पहिले आठ दिवस मऊ खाणे, लहान घास, दोन्ही बाजूंनी चावणे असे सांगितले होते. आता तांदळाची भाकरी कालवणात भिजवून खातात. वालाच्या शेंगांची पोपटी लागेल तेव्हा बघू, म्हणतात.

जाण्यापूर्वी एवढे करा

१. दात काढायचे ठरले असेल तर काढण्यापूर्वीच दंतवैद्याकडून चेहऱ्याची मापे, दातांचा साचा आणि समोरून-बाजूने फोटो घेऊन ठेवा. हे सर्वांत उत्तम.

२. जुना फोटो आणि असेल तर जुनी कवळी बरोबर न्या. जुनी झिजलेली असली तरी ती पुष्कळ सांगते.

३. सकाळची, ताजेपणाची वेळ घ्या. सोबत घाई नसलेले माणूस असावे.

४. मेणावरच्या दातांची खेप टाळू नका. बदल करायचा तो तिथेच सोपा असतो. ओठ सहज मिटतात का, "सदुसष्ट" म्हणताना दात वाजतात का, चेहरा घरच्यांना ओळखीचा वाटतो का, हे पाहा.

५. नवी कवळी पहिल्या काही दिवसांत थोडी बोचणारच. दुखरी जागा दाखवायला जाण्यापूर्वीच्या दिवशी कवळी घालून ठेवा, म्हणजे खूण दिसते. घरी कानशीने घासू नका.

६. दात काढल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते, पहिल्या वर्षात सर्वांत जास्त, आणि वरच्यापेक्षा खालचे अधिक. म्हणून आज नीट बसलेली कवळी काही वर्षांनी खाली बसते आणि उंची पुन्हा कमी होते. वर्षातून एकदा दाखवावी.

७. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा. उकळते पाणी नको, आकार बिघडतो.

आज दुपारी काम आटोपल्यावर ती डबी उघडा. आणि आईंना, सासूबाईंना, "का घालत नाही?" असे विचारू नका. "कुठे दुखतंय, दाखवा बरं," असे विचारा. उत्तर वेगळे येईल.